जावईबापूंचं नवं हूड

भाऊजी, तुमच्या तेरवीचा स्वयंपाक चांगला झाला होता. वांग्याच्या भाजीत तेल जरा जास्त होतं, पण लोक मागून घेत होते. हे आधी सांगतो, कारण असल्या कार्यातही जेवण कसं झालं हे तोंड उघडून विचारणारे आपल्या घरात तुम्ही एकटेच होतात.

पंगत बसण्याआधी कोणीतरी म्हणालं, विजूभाऊ, दोन शब्द बोला. म्हणणाऱ्याचा दोष नाही. समुद्रपूर तालुक्यात लग्न असो, वाढदिवस असो, नाहीतर बैलांच्या शंकरपटाचं बक्षीस वाटायचं असो, माईक माझ्याच हातात असतो आणि तो परत मिळवायला लोकांना मेन स्विच बंद करावा लागतो. मी उभा राहिलो. सगळे सावरून बसले. त्यांना जीपची गोष्ट हवी होती, ते मला दिसत होतं. दुःखाच्या घरी कोणीतरी परवानगी देऊन हसवावं, असं माणसांना वाटतंच. पण समोर भिंतीला टेकून बाबा बसले होते आणि दाराआड ताई उभी होती. मी "भाऊजी" एवढंच म्हटलं आणि खाली बसलो. माझ्या आयुष्यातलं सर्वांत छोटं भाषण. लोकांना वाटलं, गळा दाटला. पण ती गोष्ट मला त्या मांडवात, तुम्ही नसताना, सांगायची नव्हती. आता तुम्हालाच सांगतो. तुम्ही स्वतः त्या जीपमध्ये होतात, त्यामुळे मी काही मीठमसाला लावला तर तुम्हाला कळेल. पण बोलता येणार नाही. एवढा एक फायदा मी घेणार आहे.

तर सुरुवात तुमच्या घरजावई होण्यापासून करावी लागेल. बाबांचं भांड्यांचं दुकान, आणि गादीचा वारस मी. पण वारसाला गादीवर बसवलं की त्याच्या पायांना मुंग्या येत. मी बियाणांच्या कंपनीची बॅग खांद्याला लावली आणि गावोगाव हिंडायला लागलो. दिवसा बियाणं, संध्याकाळी माईक. बाबांनी माझी आशा सोडली आणि सुधाताईसाठी असा मुलगा शोधला जो बसू शकेल. केळझरकडचे तुम्ही, डोंगराच्या पायथ्याशी वाढलेले, लग्नानंतर येऊन आमच्या काउंटरमागच्या स्टुलावर बसलात आणि भांड्यांवर नावं कोरायला लागलात. ते मशीन घर्र करायचं, तुम्ही जीभ दातांत धरायचात आणि पाण्याच्या गुंडावर, कोपर-परातीवर, पोरीच्या रुखवतातल्या डब्यांवर झरझर अक्षर उमटायचं. तेरवीला आलेल्या बायका एकमेकींना तेच सांगत होत्या, माझ्या घरी त्यांच्या हातचं अमुक आहे, तमुक आहे. तालुक्यात तुमचं अक्षर नाही असं स्वयंपाकघर शोधून सापडायचं नाही.

तुम्ही बसलात म्हणून मी हिंडलो. हे तुम्हालाही ठाऊक होतं आणि मलाही. आपण त्यावर कधी एक शब्द बोललो नव्हतो.

घरजावयाला वर्षभर कोण विचारतो? पण धोंड्याचा महिना आला की आमच्या घरात तुमचा एकदम भाव वाढायचा. तीन वर्षांतून एकदा अधिक महिना येतो आणि त्या महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण. एरवी तुम्हाला "तो पिंप इकडे सरकवा" म्हणणारे बाबा त्या दिवशी परातीत तुमचे पाय धुवायचे, अनारशांचा डबा हातात द्यायचे, वर काहीतरी भेट. यंदा अधिक महिना भर उन्हाळ्यात आला. बाबांनी तुमच्यासाठी जीपचं नवं हूड शिवून आणलं होतं. तुमची ती जुनी खटारा जीप, जामच्या चौकातल्या भंगारवाल्याकडून उचललेली आणि दर सोमवारी दुकान बंद असताना ठोकून ठोकून जिवंत केलेली. तिचं कापडी छप्पर चिंध्या झालं होतं. नवं हूड हिरवं, जाड, पितळी कड्यांचं. बाबांनी ते तुमच्या मांडीवर ठेवलं. आणि पाय परातीत ओले असतानाच तुम्ही म्हणालात, "बाबा, यंदा एक मागतो."

तुम्ही कधी काही मागितलं नव्हतं. आई ताट हातात धरून तशीच थांबली.

तुम्ही मागितलं काय, तर घर सोडायची मुभा. डोंगरापाशी तुमच्या वाट्याची खडकाळ जमीन होती, तिथे ताईला घेऊन राहायला जायचं, तंबू लावायचे, शहरातल्या लोकांना डोंगर चढवायचा, रात्री उघड्यावर झोपवायचं. जीप त्यासाठीच घेतली होती म्हणे. धोंड्यात जावयानं मागितलं तर नाही म्हणता येत नाही. हो म्हटलं तर दुकान कोण पाहणार? बाबांनी आयुष्यात गिऱ्हाइकाला सरळ नाही म्हटलेलं नाही, तिथे नारायणाला कसं म्हणतील. त्यांनी टॉवेलनं तुमचे पाय पुसले आणि म्हणाले, "विजूले नेऊन दाखवा जागा. तो हो म्हणन, त खुशाल जाजा."

मला वाटतं, आमच्या घरात त्या दिवशी बाबांइतकं हुशार कोणी नव्हतं. तुम्ही उठलात तर त्या स्टुलावर कोण बसणार, हे घरातल्या मांजरालाही माहीत होतं. आणि माझा स्वभाव तर जिल्ह्याला माहीत होता.

म्हणून मग आपण निघालो. साळा आणि जावई, तंबू, पाण्याची कॅन, अनारशांचा डबा आणि डोक्यावर नवं हूड. मे महिन्यात! वर्ध्याच्या उन्हात माणूस दुपारी संडासला जायचं पुढे ढकलतो, आणि आपण गिरिभ्रमणाला निघालो होतो. केळझरच्या गणपतीला रस्त्यावरूनच हात जोडले. थोड्या वेळानं तुम्ही डांबरी रस्ता सोडला आणि त्या क्षणी तुम्ही वेगळेच झालात. दुकानात खाली मान घालून बसणारा माणूस स्टिअरिंगवर ओणवा होऊन खड्ड्यांना शिव्या देत होता. मी दोन्ही हातांनी दांडा धरून मोठ्यानं समालोचन करत होतो. आणि मग तो नाला आला. कोरडा, अरुंद. तुम्ही म्हणालात, इथून नेहमी बैलगाडी जाते. जात असेल. जीप बैलगाडीपेक्षा वीतभर रुंद होती.

नाल्याच्या मधोमध ती अशी बसली, जसं बाटलीच्या तोंडात बूच. उजवीकडे माती, डावीकडे माती. दारं बोटभर उघडत आणि ठप. मागे काठाचा मुरूम ढासळला, त्यानं मागची फळी बंद केली. पुढची काच वेल्डिंगनं पक्की. फोडावी, तर परतीची सगळी धूळ तोंडात घ्यावी लागली असती. मोबाईलला टॉवर नाही. उरलं काय? डोक्यावरचं हूड. कापड. एक सुरी मारली की आपण मोकळे.

आणि सुरी होती, भाऊजी. आपल्याच दुकानातली, कांद्याबरोबर पिशवीत.

इथे मी थांबलो तर कोणीही विचारेल, मग फाडलं का नाही? ज्याला हे विचारावंसं वाटतं त्याच्या घरात जावई नसणार. ते धोंड्याचं वाण होतं. सासऱ्यानं पाय धुऊन दिलेली वस्तू सासऱ्याच्या मुलासमोर तुम्ही कशी फाडणार? आणि जावयाला दिलेल्या वाणाला मी, साळा, सुरी लावा असं कसं म्हणणार? तेव्हा दोन प्रौढ, शहाणे, बालबच्च्यांचे बाप उकळत्या जीपमध्ये रीत सांभाळत बसले. तुम्ही चोरून वर बघायचात, मी बघायचो. नजरानजर झाली की काहीतरी बोलणं भाग पडायचं.

"हूड मस्त शिवलं बाबानं," तुम्ही म्हणालात.

"हाव," मी म्हटलं. "कापड जाड आहे. कुठूनच हवा येत नाई."

घाम इतका वाहत होता की सीटवर पचपच वाजत होतं. तुम्ही मला विचारलंत, गरम होऊन राह्यलं असंन. मी म्हटलं, नाई, मस्त आहे. मी तुम्हाला विचारलं, त्रास होऊन राह्यला का. तुम्ही म्हणालात, नाई बा. मग आपण अनारसे खाल्ले. त्या उन्हात अनारसा म्हणजे घशात रेती. तरी मी म्हटलं, आईच्या हाताला चव आहे. तुम्ही आणखी एक घेतलात. एवढी सभ्य माणसं मी त्यानंतर पाहिली नाहीत.

मग काठावर त्या दोघी आल्या, तेंदूपत्त्याची ओझी डोक्यावर. थांबल्या, वाकून काचेतून आत पाहिलं. एकीनं विचारलं, "काय करून राह्यले जी?"

सुटकेची हाक मारायची ती वेळ होती. आणि आपण दोघं, ठरवल्यासारखे, एका सुरात म्हणालो, "काही नाई, बसलो आहो."

त्या एकमेकींशी आपल्या भाषेत काही बोलल्या, खूप हसल्या आणि निघून गेल्या. त्यांची पावलं ऐकू येईनाशी झाली तसा मी हसायला लागलो. हसता हसता म्हटलं, भाऊजी, इथे आणि आपल्या दुकानात फरक काय, सांगा. तिथं पंखा आहे, एवढाच.

तुम्ही हसला नाहीत. काचेतून समोरच्या मातीकडे बघत म्हणालात, "पंखा बाबाकडं तोंड करून आहे."

भाऊजी, मी वर्षानुवर्षं त्या दुकानात येत होतो, चहा पीत होतो, गप्पा हाणत होतो. पंखा कुणीकडे तोंड करून आहे हे मी कधी पाहिलं नव्हतं.

त्यानंतर सभ्यपणा संपला आणि भांडण सुरू झालं. चांगलं भांडण. मी माझी सगळी कला पणाला लावली. म्हटलं, थंड हवेसाठी लोक चिखलदऱ्याला जातात, इथे तुमच्या तव्यावर झोपायला कोण येईन? तुम्ही म्हणालात, हिवाळ्यात येतीन. मी म्हटलं, अन् उन्हाळ्यात?

"उन्हाळ्यात मी राहीन," तुम्ही म्हणालात.

मी ताईचं नाव काढलं, तिला करमेल का म्हटलं. तुम्ही म्हणालात, तिलेच इचार. मी बाबांचं वय काढलं. मग तुम्ही पहिल्यांदा माझ्याकडे वळून पाहिलंत, तेवढ्या जागेत जेवढं वळता येईल तेवढं, आणि जे आपण कधीच बोललो नव्हतो ते सरळ बोललात.

"मी उठलो, त तुले बसा लागन. मले मालूम आहे, विजू. म्हून तुह्यापासून लपवून नाई जाऊन राह्यलो. तू नाई म्हन. मी राग नाई धरनार."

एखाद्यानं फसवून, रडून, धमकी देऊन मागितलं असतं तर मी गमतीत उडवून लावलं असतं. तुम्ही मला नाही म्हणायची इतकी सरळ वाट करून दिलीत की मला कुठे पाहावं कळेना. म्हणून वर पाहिलं. हूड होतंच. मी पिशवीतून सुरी काढली आणि तुमच्या हातात दिली.

"फाडा, भाऊजी."

"धोंड्याचं आहे."

"तुमाले दिलं ना? मंग तुमचं आहे."

तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत, जसं आमच्या घरातली एखादी वस्तू तुमची आहे असं तुम्हाला पहिल्यांदाच कोणी सांगितलं. मग सुरी वर खुपसलीत. कापड टर्र करत फाटत गेलं आणि त्या फटीतून तुम्ही कमरेपर्यंत बाहेर उभे राहिलात. मला खालून फक्त तुमची पँट दिसत होती. वरून आवाज आला, "ये बे वर. हवा आहे."

साळ्याला "बे" म्हणालात, दोस्ताला म्हणतात तसं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मला मेडल मिळाल्यासारखं झालं.

मग ऊन उतरल्यावर आपण डोंगर चढलो. तुम्ही पुढे, मी मागे धापा टाकत, दर वळणावर निसर्गसौंदर्य बघायचं निमित्त करून थांबत. वर तुम्ही तंबू लावलात, दगडांची चूल केलीत आणि निखाऱ्यांत रोडगे भाजलेत. जावयानं रांधायचं आणि साळ्यानं बसून खायचं. आईनं पाहिलं असतं तर तिथेच भोवळ आली असती. तुम्ही शीळ घालत होतात. तुम्हाला शीळ घालता येते हे मला माहीत नव्हतं. तुमची जमीन वरून दाखवलीत: इथे विहीर, इथे तंबू, इथे सुधा म्हणते तसं चिंचेचं झाड. ओसाड पडलेल्या खडकांकडे बोट दाखवत तुम्ही असं बोलत होतात, जणू तिथे आत्ताच माणसं जेवायला बसली आहेत.

उजाडताना मी म्हटलं, जा तुम्ही. बाबाले मी सांगतो.

तुम्ही आभार मानले नाहीत. चहा ढवळलात आणि म्हणालात, "तुह्यासाठी वाईट वाटून राह्यलं." मी म्हटलं, माझी काळजी करू नका, मी दुकानात माईक लावीन, पातेल्यांची जाहिरात करीन. तुम्ही मान हलवलीत. तुमचा विश्वास बसला नव्हता. माझाही नव्हता.

खाली उतरलो तर नाल्याच्या काठावर ट्रॅक्टर उभा. आपण कोणाला बोलावलं नव्हतं. त्या दोघींनी वाडीत जाऊन सांगितलं होतं की दोन माणसं नाल्यात बसली आहेत, म्हणतात बसलो आहो, पण काढून आणा. ट्रॅक्टरवाल्यानं दोर बांधला, हुडाच्या भोकातून आत पाहिलं आणि काही विचारलं नाही.

घरी आल्यावर बाबांनी मात्र विचारलं, हुडाले काय झालं. मी म्हटलं, हवा लागावी म्हणून. मग अंगणात उभं राहून, माईक नसताना, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की मी हो म्हणतो. बाबांनी चष्मा पुसला. पोळ्यानंतर पाहू, म्हणाले. तुम्ही मान डोलावून दुकानात गेलात, स्टुलावर बसलात आणि कोणाच्या तरी पोरीचं नाव कोरायला लागलात. पोळ्यापर्यंत थांबायला तुमची हरकत नव्हती. तुम्हाला थांबायची सवय होती.

पोळा आला नाही. म्हणजे पोळा आला, तुम्ही नव्हतात. ते कसं झालं ते मी इथे सांगणार नाही. तुम्हाला माहीत आहे, तुम्ही तिथेच होतात.

आता तुमच्या मागे काय झालं ते ऐका, ते तुम्हाला माहीत नाही.

तेरवी झाली, तुमची लेक रेणू पुण्याला परत गेली, आणि बाबांनी मला बाजूला घेतलं. रडवेले होते. पण दुकानदारच. म्हणाले, आता सुधा बसन दुकानात, तिचं अक्षरही बरं आहे, पण ते डोंगराकडं जातो म्हणते, तू समजाव तिले. मी खरं सांगतो भाऊजी, माझ्या पायांना एकदम मोकळी हवा लागल्यासारखं झालं. बॅग, गाव, माईक, सगळं परत माझं. फक्त ताईशी थोडं गोड बोलायचं होतं, आणि गोड बोलण्यात माझा हात कोण धरणार?

मी गच्चीवर गेलो. ताई तुमचा तंबू उन्हात वाळवत होती. मी सुरू झालो. बाईमाणूस एकटी, डोंगर, साप, बिबट, लोक काय म्हणतील, बाबांचं वय. नाल्यात तुम्हाला सांगितलेली सगळी कारणं, वर चार नवीन. ती तंबूची कड सरळ करत ऐकत राहिली.

"झालं?" तिनं विचारलं. मग म्हणाली, "त्यायले हो म्हटलं, ते जागा पटली म्हून का ते जावाई होते म्हून?"

मी म्हटलं, म्हणजे?

"मी या घरची पोरगी आहो, विजू. मले कोन्या महिन्यात मागाचं असते?"

मी तंबूचं दुसरं टोक धरलं. आम्ही दोघांनी तो घडी केला.

दुसऱ्या दिवशी बाबा उठायच्या आत मी दुकान उघडलं आणि जाऊन बसलो. बाबा आले, मला पाहून दारातच थांबले. म्हणाले, सुधा कुठं आहे? मी म्हटलं, ती जाते आहे. मग त्यांनी विचारलं, "अन् तू?" मी म्हटलं, "मी बसलो आहो."

ताई गेली. जीप तिनं स्वतः चालवत नेली. सोमवारी तुम्ही तिला जीप शिकवत होतात, हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. आई दारात उभी राहून तोंडाला पदर लावून बघत होती. ती रडत होती की हसत होती, मला अजून ठरवता आलेलं नाही. तिकडे टॉवर नाही, म्हणून ताई फोन करायला डोंगर चढते. धापा टाकत बोलते. चार माणसं येऊन राहून गेली म्हणाली, दोन तर नागपूरच्या म्हाताऱ्या मास्तरीणबाई. मी म्हटलं, करमते का? म्हणाली, "तुले कोनं सांगितलं, करमनंच कामाचं असते म्हून? येजो एकदा." मी म्हटलं, दुकान आहे. ती हसली आणि तिचा श्वास ऐकू येत राहिला.

तर मी इथे आहे, भाऊजी. लोक येतात, मी त्यांना हसवतो, दोन पातेल्यांच्या जागी तीन विकतो, बाबा खूश आहेत. गिऱ्हाईक गेलं की दुकानात असा एक आवाज येतो, सगळं स्टील एकदम गप्प झाल्याचा. रस्त्यावरून एसटी जाते, हिंगणघाटची पाटी असते, आणि माझे गुडघे आपोआप उठायला बघतात. मी त्यांना हातांनी दाबून धरतो. दुपारी तर फार कठीण जातं.

त्या दिवशी आपण जीपमध्ये इतकं बोललो. डोंगर, जमीन, बाबा, ताई, अनारसे, सगळ्यावर भांडलो. तुम्ही इतकी वर्षं इथे कसे बसलात, तेवढं विचारायचं राहून गेलं.